दात सरळ, पण कशाला धरून?

वरच्या दातांचा प्लास्टरचा साचा हातात घेतला, तर दाढेवरची बारीकशी खाचही त्यात सापडते. सापडत नाही तो चेहरा. हे दात डोळ्यांच्या रेषेला समांतर आहेत की एका बाजूला उतरलेले, ओठ सैल सोडल्यावर त्यांचा किती भाग दिसतो, कानापुढच्या जबड्याच्या सांध्यापासून ते किती अंतरावर आहेत, यातलं काहीच साचा सांगत नाही. लॅबमधला तंत्रज्ञ साचा टेबलावर ठेवतो आणि मग टेबल हीच आडवी रेषा होऊन बसते. ही उणीव भरून काढण्यासाठी दंतवैद्यकानं सव्वाशे वर्षं उपकरणं घडवली. गेल्या वीसेक वर्षांत ती संगणकात शिरली. 'आता सगळं डिजिटल झालं, म्हणजे अचूक झालं' असं सर्रास बोललं जातं. मला वाटतं, अचूकतेपेक्षा मोठी घडामोड वेगळीच आहे. मोजायची गोष्टच बदलली. पूर्वी दात सांध्यापासून कुठे आहेत ते मोजत. आता ते चेहऱ्यात कुठे बसलेत ते मोजतात. ही दोन मापं एक नव्हेत, आणि या विषयावरचे बरेचसे वाद ती एकच समजल्यामुळे होतात.

सुरुवात सांध्यापासून झाली. अमेरिकेतल्या विल्यम बॉनविल यांनी एकोणिसाव्या शतकात एक त्रिकोण मांडला: खालच्या जबड्याच्या दोन्ही सांध्यांमधलं अंतर सुमारे 4 इंच, आणि प्रत्येक सांध्यापासून खालच्या पुढच्या दातांच्या मध्यापर्यंतचं अंतरही तेवढंच. हा समभुज त्रिकोण सरासरीचा होता. प्रत्येक माणूस सरासरी नसतो, म्हणून त्या शतकाच्या अखेरीस बफेलोच्या जॉर्ज स्नो यांनी फेसबो आणला. त्यानंतर अल्फ्रेड गीझी, रुडॉल्फ हनाऊ अशांनी जबड्याच्या हालचालींची नक्कल करणारी आर्टिक्युलेटर नावाची यंत्रं विकसित केली. कॅलिफोर्नियात 1920च्या दशकात बी. बी. मॅकॉलम आणि त्यांच्या मंडळींनी तर सांध्याचा नेमका फिरण्याचा अक्ष शोधायचा ध्यासच घेतला.

फेसबो म्हणजे चेहऱ्याभोवती धरायचा इंग्रजी यू-च्या आकाराचा धातूचा कमानीसारखा सांगाडा. मेण किंवा कंपाउंड लावलेला काटा रुग्णाच्या वरच्या दातांखाली दाबून धरायचा, कमानीची दोन टोकं दोन्ही कानांत घालायची, तिसरा आधार नाकाच्या मुळाशी टेकवायचा, मग स्क्रू आवळायचे. रुग्णानं तोवर काटा धरून ठेवायचा. बहुतेकांच्या तोंडाला याच वेळी पाणी सुटतं. सगळं घट्ट झालं की सांगाडा चेहऱ्यावरून उतरवून आर्टिक्युलेटरवर चढवायचा आणि काट्याच्या ठशात साचा बसवून प्लास्टर ओतायचं. स्क्रू किंचित सैल राहिला, काटा दाबताना खाली झुकला किंवा प्लास्टर घट्ट होताना साचा हलला, तर मूळ नोंद कितीही चांगली घेतलेली असो, हाती चूकच येते. दंतमहाविद्यालयात शिकलेल्या प्रत्येकानं हे केलेलं असतं. दवाखाना थाटल्यावर मात्र फेसबो बहुधा कपाटातच राहतो.

तो कपाटात गेला त्याला सबळ कारणं होती. सांध्याचा अक्ष जरा चुकला तर चाव्यात किती फरक पडतो, याचा हिशोब लॉरेन्स वाइनबर्ग यांनी 1961 साली मांडला. अक्ष 5 मिलिमीटर चुकला आणि दातांमध्ये 3 मिलिमीटर जाडीची चाव्याची नोंद ठेवून ती काढून घेतली, तर दाढेपाशी जबडा पुढेमागे सरकतो तो सुमारे 0.2 मिलिमीटरच. आणि रुग्णाचे दात आहेत त्याच उंचीवर मिटणार असतील, जबडा उघडून नवी उंची ठरवायची नसेल, तर मिटलेल्या स्थितीपुरता अक्षाचा प्रश्न उरतच नाही. स्वीडनमधले गुन्नार कार्लसन यांनी दंतवैद्यकातल्या रूढ समजुतींची झाडाझडती घेताना फेसबोलाही सोडलं नाही. 2016 साली अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात तर फेसबो कृत्रिम दात करण्यासाठी आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेच्या आखणीसाठीही गैरलागू असल्याचं मांडणारा लेख आला. संपूर्ण कवळ्यांवरच्या अभ्यासांतही फेसबो वापरलेल्या रुग्णांना ठळक जास्त फायदा झाल्याचं दिसलेलं नाही. एका दाढेला कॅप करायची आहे आणि शेजारचे, समोरचे दात जागेवर आहेत, अशा ठिकाणी फेसबो घ्या म्हणणं मलाही हट्टच वाटतो.

पण या वादात एक गोष्ट मागे पडली. फेसबो सांध्याच्या दृष्टीनं जितका निरुपद्रवी, तितका चेहऱ्याच्या दृष्टीनं नाही. आपले दोन कान एका पातळीवर असतातच असं नाही. एखाद्याचा डावा कान उजव्यापेक्षा थोडा खाली आहे असं समजा. कानांत टोकं घातली की कमान कलते. ती आर्टिक्युलेटरवर चढवली की आर्टिक्युलेटर मात्र सरळच उभा; त्यामुळे साचा उलट बाजूला कललेला दिसतो. हा कल रुग्णाच्याच दातांचा आहे असं समजून तंत्रज्ञ नवे दात टेबलाला समांतर करून टाकतो. टेबलावर काम निर्दोष दिसतं, तोंडात बसवल्यावर हसू एका अंगाला उतरतं. जुन्या वाड्यात कललेल्या तुळईला धरून फोटो टांगल्यासारखं ते होतं: तुळईला समांतर, पाणसळ लावली की तिरका.

म्हणून खरा प्रश्न रेषेचा आहे. आडवी कोणती मानायची? दंतवैद्यकानं यासाठी उसनवारी केली ती मानवशास्त्राकडून. अठराव्या शतकातले डच शरीररचनाशास्त्रज्ञ पीटर कॅम्पर यांच्या नावाची नाकपुडी आणि कान यांना जोडणारी रेषा कवळी करताना आजही वापरतात. कानाच्या छिद्राचा वरचा काठ आणि डोळ्याच्या खोबणीचा खालचा काठ यांतून जाणारं फ्रँकफर्ट प्रतल 1880च्या दशकात ठरलं, ते संग्रहालयांतल्या कवट्या एकसारख्या ठेवून मोजता याव्यात म्हणून. कवटी मान ताठ करून उभी राहत नाही, आरशातही पाहत नाही. जिवंत माणसात हे प्रतल क्षितिजाशी किती कोन करतं, ते माणसागणिक काही अंशांनी बदलतं. 1958 साली मोअरीज आणि कीन यांनी दुसरा मार्ग पुढे केला: माणूस आरामात उभा राहून समोर पाहत असताना डोकं ज्या स्थितीत धरतो, तीच त्याची संदर्भ-स्थिती माना. ही स्थिती पुन्हा पुन्हा घेतली तरी साधारण दोन अंशांच्या आत जुळते. त्यामुळे संदर्भ हाडाऐवजी गुरुत्वाकर्षणाचा झाला. इतर लोक आपल्याला त्याच स्थितीत पाहतात, हे त्यातलं मुख्य.

डोकं तीन तऱ्हांनी फिरतं आणि दातांची कमान चेहऱ्यात तिन्ही तऱ्हांनी चुकू शकते. होकार देताना मान वरखाली होते, नकार देताना डावीउजवीकडे वळते आणि आळसावलो की खांद्याकडे कलते. कल चुकला तर समोरून लगेच दिसतं. होकाराची दिशा चुकली तर पुढचे दात आत किंवा बाहेर झुकलेले वाटतात आणि मागच्या दाढांच्या उंचवट्यांचं गणित बिघडतं. नकाराची दिशा सगळ्यांत फसवी: कमान उभ्या अक्षाभोवती किंचित फिरलेली असली की हसताना एका बाजूच्या दाढा जास्त दिसतात, दुसऱ्या बाजूला गालाशी काळोख राहतो. समोरून काढलेल्या फोटोत ही चूक जवळजवळ लपते आणि फेसबोतही ती सहज हाताला लागत नाही. चेहऱ्याचं त्रिमितीय स्कॅन संगणकावर वरून, डोक्याच्या बाजूनं पाहता येतं. डिजिटल मोजणीचा पहिला खरा नफा मी इथे मांडीन.

तोंडात फिरवायचा स्कॅनर तसा नवा नाही. झुरिकमध्ये वेर्नर म्योरमान आणि मार्को ब्रांदेस्तिनी यांनी सेरेक प्रणालीवर पहिला रुग्ण 1985 साली हाताळला. आजचे स्कॅनर संपूर्ण कमान टिपतात आणि एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकाच्या दाढेपर्यंत साधारण 0.1 मिलिमीटरच्या आसपास चूक ठेवतात. पण हे स्कॅन म्हणजेही चेहरा नसलेला साचाच, फक्त पडद्यावरचा. त्याला चेहरा द्यायचा तर दुसरी नोंद हवी आणि दोन्हींना सांधणारा पूल हवा. आजवरच्या पद्धती त्या पुलाच्या प्रकारानुसारच वेगळ्या ठरतात.

सगळ्यांत स्वस्त पूल साध्या फोटोचा. गाल ओढून धरून दात दिसतील असा समोरून फोटो काढायचा आणि पडद्यावर स्कॅनमधले दात फोटोतल्या दातांवर बसवायचे. ब्राझीलच्या ख्रिस्तियन कोचमन यांच्या डिजिटल स्माइल डिझाइनमुळे ही रीत जगभर पोचली. फोटो सपाट असतो हीच तिची मर्यादा. त्यातून मोबाइल हातभर अंतरावरून धरला, तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, दातांची कमानही जास्त गोल वाटते. दीड-दोन मीटर मागे जाऊन झूम करायचं, हा साधा नियम पाळला तरी फोटोचा दर्जा बराच सुधारतो.

दुसरा पूल चेहऱ्याच्या स्कॅनचा. अनेक कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी टिपणारी स्टिरिओफोटोग्रामेट्रीची यंत्रं अर्ध्या मिलिमीटरच्या आत राहतात. ती मोठी आणि महाग. 2017 साली आयफोन टेनमध्ये खोली मोजणारा कॅमेरा आला आणि चेहऱ्याचं स्कॅन खिशात आलं. त्यात चूक साधारण अर्ध्यापासून दीड मिलिमीटरपर्यंत जाते. स्पेनमधल्या बास्क विद्यापीठात एनेको सोलाबेरिएता आणि सहकाऱ्यांनी फेसबोचा सांगाडाच काढून टाकून तो संगणकात उभा करायच्या रीती मांडल्या. हाँगकाँग विद्यापीठातल्या गटानं दातांचं स्कॅन थेट माणसाच्या स्वाभाविक डोक्याच्या स्थितीत आणून ठेवलं. तिथे कानांचा आधारच लागत नाही.

तिसरा पूल कोन-बीम सीटीचा. यात हाडं, सांधे आणि दात एकाच चित्रात येतात, म्हणजे जुन्या आणि नव्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकदम. पण धातूच्या फिलिंगमुळे दातांभोवती पट्टे उमटतात, म्हणून दातांसाठी तोंडातलं स्कॅन जोडावंच लागतं. आणि निव्वळ दात चेहऱ्याशी जुळवण्यासाठी कोणाला क्ष-किरण द्यावेत, हे मला पटत नाही. इम्प्लांटसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी सीटी काढलेलंच असेल तर ते जरूर वापरावं.

आता पडद्यावरची जुळवणी जवळून पाहू. चेहऱ्याच्या स्कॅनमध्ये रुग्ण हसतोय. सहा, फार तर आठ दात दिसतात. तंत्रज्ञ दोन्ही चित्रांत तीच तीन ठिकाणं निवडतो, एखाद्या सुळ्याचं टोक, पुढच्या दोन दातांमधली हिरडीची त्रिकोणी जागा, दुसरा सुळा. संगणक उरलेलं काम करतो आणि पडद्यावर हिरवा रंग दाखवतो: जुळलं. हिरवा रंग पाहून समाधान मानलं जातं. पण एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंतची रुंदी साधारण 35 मिलिमीटर. एवढ्याशा आधारावर जुळवणीत एका अंशाचा कल राहिला, तर सुळ्यापाशी फरक 0.6 मिलिमीटर; पहिल्या दाढांमध्ये 50 मिलिमीटर धरले तर जवळजवळ 0.9. सांध्यापाशी, 100 मिलिमीटर दूर, तोच एक अंश पावणेदोन मिलिमीटरचा होतो. शिवाय चेहऱ्याच्या स्कॅनमध्ये दात चकाकतात आणि लाळेनं चमकलेली कड जराशी विरघळलेली दिसते, म्हणजे ज्या टोकांवर सगळी मदार तीच धूसर. म्हणून अनुभवी मंडळी तोंडात असा काटा ठेवतात, ज्याचं ओठांबाहेरचं टोक मोठं आणि ठळक भौमितिक आकाराचं असतं. मग जुळवणीचा आधार दातांच्या बाहेरपर्यंत रुंदावतो. काटा परत आला, गंमतच आहे. फक्त प्लास्टर गेलं.

एवढी बारकाई लागते का? समोरच्या माणसाला काय दिसतं, यावर ते अवलंबून. 1999 साली व्हिन्सेंट कोकिच आणि सहकाऱ्यांनी दातांच्या स्थितीत मुद्दाम फरक करून चित्रं दाखवली. मधली रेष बाजूला 4 मिलिमीटर सरकलेली असतानाही सामान्य लोकांच्या ते ध्यानात आलं नाही. पुढचे दात तिरके झालेले मात्र 2 मिलिमीटरनंही खटकले. सरकलेलं चालतं, कललेलं चालत नाही. म्हणजे ज्या मापात सगळ्यांत जास्त काटेकोरपणा हवा ते कोनांचं माप आहे, आणि आपण दवाखान्यात बहुतेक वेळ अंतरंच मोजत असतो. अंतरंसुद्धा वयाशी बांधलेली असतात. 1978 साली व्हिग आणि ब्रुंडो यांनी ओठ सैल सोडल्यावर दिसणारे वरचे पुढचे दात मोजले: स्त्रियांत सरासरी 3.4, पुरुषांत 1.9 मिलिमीटर, आणि वय वाढेल तसं कमी. साठीतल्या माणसाला पंचविशीतलं माप दिलं की त्याचे नातेवाईकच आधी बोलून दाखवतात.

मधली उभी रेषा ठरवणं याहून कठीण. नाकाच्या मुळाचा मध्य, नाकाचं टोक, वरच्या ओठाच्या मधल्या खळीचा मध्य, हनुवटी: प्रत्येकाच्या चेहऱ्यावर हे चारही बिंदू एका ओळीत नसतात. 1979च्या एका प्रसिद्ध पाहणीत वरच्या दातांची मधली रेषा ओठाच्या खळीशी सुमारे 70 टक्के लोकांत जुळली. नाकाचं टोक बहुतेकदा फसवतं. आणि इथेच सॉफ्टवेअर एक चलाखी करतं: चेहऱ्याचा डावा-उजवा भाग एकमेकांवर ताडून एक 'सरासरी' मध्य आपणहून काढून देतं. पडद्यावर तो मध्य इतक्या ठामपणे उभा असतो की तो कुणीतरी ठरवलेला आहे, याचा विसर पडतो. गाल सुजलेला असो, एका बाजूचा स्नायू जाड असो, सॉफ्टवेअर बिनदिक्कत मध्य देऊन मोकळं होतं.

डिजिटल पद्धतीनं निर्विवाद बाजी मारली ती जबड्याच्या शस्त्रक्रियेत. आधी प्लास्टरचे साचे फेसबोनं आर्टिक्युलेटरवर चढवून, करवतीनं कापून शस्त्रक्रियेची तालीम करत. साच्यावर वरच्या जबड्याचा उतार प्रत्यक्षापेक्षा वेगळा बसतो आणि मग शस्त्रक्रियेत जबडा ठरल्याहून वेगळ्या दिशेनं सरकतो, हे 1992 साली एलिस आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. या ठिकाणी फेसबोचा दोष कवळीसारखा घासून काढता येत नाही. हाड स्क्रूनं बसवलेलं असतं. ह्यूस्टनमधल्या हायमे गातेनो आणि जेम्स शिया यांच्या गटानं सीटी आणि दातांचं स्कॅन एकत्र करून सगळी आखणी संगणकावर आणली, आणि डोक्याची स्वाभाविक स्थिती नोंदवायला रुग्णाच्या दातांनी धरलेल्या सांगाड्यावर एक छोटा दिशादर्शक सेन्सर लावला. डोकं किती झुकलं, किती वळलं, किती कललं, हे तिन्ही आकडे थेट नोंदले जाऊ लागले. शस्त्रक्रियेत दात जागेवर धरणारी वेफर नावाची पट्टी आता त्या आखणीवरून छापून येते.

सगळेच दात गेलेल्यांचं काय? तिथे पूल बांधायला खांबच नाहीत. गुळगुळीत, ओल्या हिरडीवर स्कॅनर वाट चुकतो, आणि ओठांना आधार नसल्यानं चेहऱ्याचं स्कॅनही पोकळ येतं. त्यामुळे मेणाची रिम करून, फॉक्स प्लेन नावाच्या सपाट पट्टीनं ती डोळ्यांच्या आणि कॅम्परच्या रेषेशी लावून मगच तिचं स्कॅन घेणं बरं. जुनी कवळी असेल तर तीच स्कॅन करावी. रुग्णाला सवय झालेलं माप त्यात आयतं मिळतं.

हालचालींची नोंद हे वेगळं प्रकरण. मोडजॉ, झेब्रिस, सिकॅट यांच्यासारख्या प्रणाली खालच्या जबड्यावर बसवलेल्या खुणा कॅमेऱ्यानं किंवा अल्ट्रासाउंडनं टिपतात आणि रुग्ण स्वतः जसा चावतो तसं पडद्यावर चालतं-बोलतं दाखवतात. सांध्याचा अक्ष त्यातून प्रत्यक्ष मिळतो, अंदाजानं नाही. पूर्ण तोंडाचं पुनर्वसन करायचं असेल तर उपयोग नक्की होतो. सहा पुढच्या दातांना व्हिनिअर बसवणाऱ्यानं त्यावर खर्च करायची गरज नाही. त्यानं चेहऱ्याचं स्कॅन घ्यावं.

आपल्याकडची अडचण मापाच्या बारकाईपेक्षा पाठवणीत जास्त आहे. पुण्या-मुंबईतल्या, कोल्हापूर-नाशिकच्याही बऱ्याच दवाखान्यांतून आता साचा कुरिअरनं जात नाही, फाइल जाते. ती बहुतेक एसटीएल प्रकारची. हा प्रकार 1980च्या दशकात त्रिमितीय छपाईसाठी निघाला. त्यात फक्त त्रिकोण असतात. एकक नाही, रंग नाही, वर कोणतं आणि खाली कोणतं हेही नाही. स्कॅनर ज्या दाढेपासून सुरू झाला असेल तिथला कुठलातरी बिंदू शून्य धरलेला. लॅबमध्ये ती उघडल्यावर सॉफ्टवेअर दात आपल्या मनानं सरासरी जागी, बॉनविलच्या त्रिकोणाच्या हिशोबानं, आभासी आर्टिक्युलेटरमध्ये बसवतं. कुणी हात लावला नाही तर ती सरासरीच अंतिम ठरते. सोबत व्हॉट्सॲपवर एक सेल्फी आलेला असतो, तोही बहुधा मान कलती धरून काढलेला. त्याऐवजी फाइलसोबत गाल ओढून घेतलेलं चेहऱ्याचं एक स्कॅन, रुग्णानं आरशात आपल्याच डोळ्यांत पाहत ताठ उभं राहून काढलेला एक फोटो, आणि 'आडवी रेषा डोळ्यांची धरा, डावा कान खाली आहे' अशी एक ओळ लिहून पाठवली, तर तंत्रज्ञाला तोंडात चाचणीसाठी लावायचा तात्पुरता संच पहिल्याच खेपेला सरळ छापता येतो.